संकल्पनेमागचा प्रश्न : प्रस्तावना

प्राथमिक शाळेतील ‘परिसर अभ्यास’ मागे पडून सहाव्या इयत्तेत ‘सामान्य विज्ञान’ हा स्वतंत्र विषय विद्यार्थ्याच्या दप्तरात दाखल होतो, तेव्हापासून आठवी पुरी होईपर्यंतची तीन वर्षे त्याच्या बौद्धिक जीवनात किती निर्णायक असतात, याची जाणीव आपल्या समाजात जितकी असावयास हवी तितकी आढळत नाही. त्याआधीचे मूल मनसोक्त पाहते आणि विचारते, परंतु त्याच्या प्रश्नांना अजून व्यवस्था आलेली नसते; त्यानंतरच्या विद्यार्थ्याच्या मानगुटीवर शालान्त परीक्षा बसलेली असते आणि प्रश्न विचारण्याची फुरसत त्याला कोणी देत नाही. या दोन अवस्थांच्या दरम्यान जी थोडी मोकळी मुदत मिळते, तिच्यात द्रव्य, बल, उष्णता, प्रकाश, विद्युत, पेशी, परिसंस्था अशा संकल्पनांशी त्याची पहिली रीतसर गाठ पडते. आणि ती गाठ ज्या रीतीने पडते तिच्यावरच पुढे विज्ञान त्याला आपले वाटणार की परके, हे बहुतांशी ठरून जाते. प्रस्तुत पुस्तक या मुदतीसाठी, आणि या मुदतीत विद्यार्थ्याच्या शेजारी बसणाऱ्या शिक्षकांसाठी व पालकांसाठी, सिद्ध केले आहे.

पुस्तक उघडण्यापूर्वी एका गोष्टीचा उलगडा करून ठेवणे इष्ट आहे, कारण सर्व मांडणी तिच्यावरच उभी आहे. संकल्पना आणि व्याख्या या दोन वस्तू आपल्या वर्गांतून बेमालूमपणे एकमेकींच्या जागी बसविल्या जातात. ‘बल म्हणजे ढकलणे किंवा ओढणे’ हे वाक्य घडाघडा म्हणून दाखविणारा विद्यार्थी, टेबलावर स्वस्थ पडलेल्या पुस्तकावर काही बल लागू आहे काय असे विचारताच, ‘नाही’ म्हणून मोकळा होतो; कारण त्याच्या हाती जे वाक्य आले आहे ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. व्याख्या हा एखाद्या दीर्घ विचाराचा अखेरचा निकाल असतो. आणि फिर्याद काय होती, पुरावा कोणता पुढे आला, कोणाची साक्ष कशामुळे फेटाळली गेली, हे ठाऊक नसता केवळ निकालपत्र पाठ केल्याने खटला समजला असे जसे कोणी म्हणणार नाही, तसेच येथेही आहे. प्रत्येक मूलभूत संकल्पनेच्या मुळाशी कोणाला तरी पडलेला एक खराखुरा प्रश्न असतो, आणि तो प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात जागा झाल्यावाचून ती संकल्पना त्याची होत नाही, अशी प्रस्तुत लेखकाची दृढ समजूत आहे.

ही गोष्ट एका परिचित प्रयोगावरून स्पष्ट करतो. थाळीत पाणी घेऊन मधोमध मेणबत्ती उभी करायची, ती पेटवून तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा. थोड्याच वेळात मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढते. हवेतील ऑक्सिजन जळून गेला, त्याची रिकामी जागा पाण्याने घेतली, पाणी एक-पंचमांश चढले, सबब हवेत ऑक्सिजन एक-पंचमांश असतो, असे अनुमान कित्येक पिढ्यांनी आपापल्या वहीत उतरून घेतले आहे. परंतु हाच प्रयोग ज्याने डोळे उघडे ठेवून केला असेल त्याला दिसेल, की ज्योत जळत असताना पाणी फारसे चढत नाही. ज्योत विझल्यानंतर ते झपाट्याने चढते. ऑक्सिजन खर्च होण्यामुळे जर पाणी चढत असते, तर ज्योत जळत असतानाच ते हळूहळू चढावयास हवे होते. शिवाय एका मेणबत्तीच्या जागी तीन लावल्या तर पाणी अधिक उंच जाते. वास्तविक पेला तोच आणि आतील हवाही तेवढीच. पेला घालताच त्याच्या काठाखालून काही बुडबुडे बाहेर पडतानाही दिसतात.

या निरीक्षणांचा मेळ घातला की जुने अनुमान टिकत नाही. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावते, तिचा काही अंश निसटतो, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावली की बाहेरील हवेचा दाब पाणी आत लोटतो. ज्वलनात ऑक्सिजन खर्च होतो हे खरे. परंतु त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निर्माण होतात, आणि आतला सर्व ऑक्सिजन संपण्याच्या बऱ्याच आधी ज्योत मालवते. पाण्याची चढ एक-पंचमांशाच्या जवळपास दिसली तरी तो योगायोग होय.

हवेतील ऑक्सिजनाचा हिस्सा मग खरोखर कसा मोजावयाचा? अठराव्या शतकात फ्रान्समध्ये लाव्हाझिए याने बंदिस्त भांड्यात पारा बारा दिवस सतत तापवीत ठेवला, तेव्हा त्यावर तांबडी भुकटी जमली आणि आतील ५० घन इंच हवेतील सात-आठ घन इंच हवा नाहीशी झाली. पुढे ती भुकटी वेगळी तापवताच जवळजवळ तेवढाच वायू परत मिळाला, आणि त्यात मेणबत्ती लखलखीत जळू लागली. त्याच्या प्रयोगाचे सामर्थ्य कशात होते? पाऱ्याचे जे भस्म झाले ते घन होते, त्यामुळे नाहीशा झालेल्या वायूची जागा दुसऱ्या वायूने घेतली नाही. पारा विषारी असल्यामुळे तो मुलांच्या हाती देता येत नाही. परंतु लोखंडाचा बारीक कीस ओला करून परीक्षानळीच्या तळाशी चिकटवावा आणि ती नळी पाण्यात उपडी उभी करून काही दिवस तशीच राहू द्यावी, म्हणजे कीस गंजत जातो आणि पाणी साधारण पाचव्या हिश्शापर्यंत चढून थांबते. गंजही घनच असतो. मेणबत्तीचा प्रयोग या पुस्तकातून काढून टाकावा, असे काहींनी सुचविले होते. मी तो मुद्दाम ठेवला आहे, कारण चुकीच्या अनुमानापर्यंत नेणारा आणि त्याच वस्तूंनी ते अनुमान खोडून काढता येणारा इतका सुलभ प्रयोग दुसरा मला माहीत नाही.

आता या विषयाच्या एकंदर विस्ताराकडे वळू. शालेय विज्ञानाचे भौतिक, रसायन आणि जीव असे तीन विभाग पाडण्याचा शिरस्ता आहे, आणि भूगोलाच्या खात्यात जमा केलेली पृथ्वी व खगोल ही चौथी बाब त्यांच्या शेजारी उभी असते. कारभाराच्या सोयीसाठी हे ठीक आहे. परंतु नवख्या वाचकाने ध्यानात ठेवावे, की मोजक्या चार-सहा संकल्पना या चारही विभागांतून आरपार जातात, आणि त्या हाती लागल्या तर बाकीचा तपशील आपोआप आपापल्या जागी बसू लागतो. सर्व द्रव्य अतिसूक्ष्म, अविरत हालणाऱ्या कणांचे आहे, ही त्यांतील पहिली. कोणत्याही बदलात द्रव्य व ऊर्जा यांचा हिशेब अखेर जुळलाच पाहिजे, ही दुसरी. मोजल्याखेरीज तुलना नाही आणि तुलनेखेरीज कारणाचा शोध नाही, ही तिसरी. तिला संकल्पना म्हणण्यापेक्षा शिस्त म्हणणे अधिक योग्य. प्रत्येक सजीव परिसराशी सतत देवघेव करीत असतो, ही चौथी. आणि आज दिसणारी पृथ्वी प्रदीर्घ इतिहासाचे फलित आहे, ही पाचवी.

हिशेब जुळविण्याच्या शिस्तीतून केवढे निष्पन्न होते, याचा एक दाखला वनस्पतिशास्त्रातून घेता येईल. झाड माती ‘खाऊन’ वाढते, असे बहुतेक मुलांना वाटते, आणि खत घातले की पीक जोरात येते हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे त्याला तसे वाटणे स्वाभाविकही आहे. सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट याने कुंडीत २०० पौंड कोरडी माती तोलून भरली, तीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला निव्वळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. मातीत तूट आली ती अवघी दोन औंसांची. झाड पाण्याचेच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला आणि तो अपुरा ठरला, कारण हवेकडे त्याचे लक्ष गेले नव्हते. पानांच्या कारभारात सूर्यप्रकाशाचा भाग कोणता, हे १७७९ साली इंगेनहाऊसने दाखविले. तथापि ‘वाढलेले वजन आले कोठून?’ हा जो प्रश्न हेल्मोंटने तराजू हाती घेऊन विचारला, तोच प्रकाशसंश्लेषणाच्या संपूर्ण प्रकरणाचा पाया आहे. तो न विचारता त्या क्रियेचे समीकरण फळ्यावर लिहिणे म्हणजे मुलाच्या मनातील मातीची समजूत जशीच्या तशी राहू देऊन तिच्यावर अक्षरांचा एक थर चढविणे होय.

चुंबकत्व आणि विद्युत यांच्या बाबतीत तर महाराष्ट्राच्या भूमीवरच एक अतिशय बोलका दाखला उपलब्ध आहे आणि तो आपल्या मुलांना क्वचितच सांगितला जातो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी नियमितपणे घेतल्या जात होत्या. पुढे मुंबईच्या ट्रामगाड्या घोड्यांऐवजी विजेवर चालविण्याचा बेत ठरू लागला, तेव्हा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्यापुढे मोठाच पेच उभा राहिला. कारण विजेचा प्रवाह जवळून गेला की चुंबकसूची हलते, ही गोष्ट ओर्स्टेडने कोपनहेगन येथे १८२० सालीच दाखवून दिली होती. दशकानुदशके राखलेली नोंदींची मालिका अशा रीतीने दूषित होऊ द्यावयाची नाही, म्हणून खाडीपलीकडे अलिबाग येथे अचुंबकीय सामग्री वापरून नवी वेधशाळा बांधण्यात आली, आणि १९०४ पासून नोंदींचे काम तेथे सुरू झाले. टॉर्चचा एक सेल, तांब्याची तार आणि होकायंत्र एवढ्या साहित्यावर ओर्स्टेडचा प्रयोग वर्गात करता येतो. आणि तो करून झाल्यावर अलिबागची ही हकीकत ज्या मुलाने ऐकली, त्याला विद्युत आणि चुंबकत्व ही दोन प्रकरणे पुस्तकात लगतच का असतात, हे निराळे सांगावे लागत नाही.

मराठीतून विज्ञान सांगण्याची परंपरा आपण समजतो त्याहून जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढले, त्यात भौतिक व रसायन या विषयांवरील मजकुराला भूगोल-इतिहासाच्या बरोबरीने स्थान दिले. ज्या केरो लक्ष्मण छत्र्यांचे नाव आज मुख्यत्वे टिळकांचे गुरू म्हणून घेतले जाते, ते तरुणपणी याच कुलाबा वेधशाळेत काम करीत होते आणि पुढे त्यांनी अंकगणित व पदार्थविज्ञान या विषयांवर मराठीत शालेय पुस्तके लिहिली. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी रसायनादी विषयांवर ग्रंथरचना केली. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शाळाशिक्षक. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाची थोरवी विद्वानांना ठाऊक आहेच, परंतु सामान्य वाचकाला रात्रीच्या आकाशाकडे पाहावयास लावणारे त्यांचे ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक आमच्या विषयाच्या दृष्टीने तितकेच मोलाचे आहे. १९२८ साली पुण्यातून ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघू लागले, १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि १९६७ साली बालभारती. या तीन टप्प्यांत विज्ञानलेखन एकेका व्यक्तीच्या उत्साहावर अवलंबून न राहता हळूहळू संस्थांच्या आधारावर उभे राहिले.

या पूर्वसूरींचे ऋण मान्य करूनही त्यांच्या लेखनाची मर्यादा सांगितली पाहिजे. त्यांचा वाचक बहुधा प्रौढ आणि साक्षर होता. त्याला ज्ञान द्यावयाचे होते आणि ते त्यांनी उत्तम गद्यात दिले. परंतु अकरा वर्षांच्या मुलाला ज्ञान देण्याआधी त्याच्या डोक्यात अगोदर काय आहे, हे पाहावे लागते; त्याची तजवीज त्या काळच्या पुस्तकांत नव्हती, आणि असणे शक्यही नव्हते. परिभाषेच्या वादात आपली बरीच शक्ती खर्च झाली, हीदेखील गोष्ट खरी आहे. संस्कृतोद्भव शब्दांचा आग्रह धरणारा एक पक्ष आणि आंतरराष्ट्रीय संज्ञा जशाच्या तशा ठेवू पाहणारा दुसरा, या दोहोंनी एकमेकांशी झगडण्यात जो काळ घालविला त्यात मुलांसाठी चांगली वाक्ये लिहिण्याकडे दुर्लक्ष झाले. आमच्या मते संज्ञा कोणतीही असो, तिच्या आजूबाजूचे वाक्य जर मुलाच्या रोजच्या मराठीतले असेल तर ती संज्ञा त्याला जड जात नाही. आणि वाक्यच जर इंग्रजीवरून उचलून आणलेले असेल तर सोप्यातली सोपी संज्ञाही त्याला वाचवू शकत नाही. सेमी-इंग्रजी वर्गांतून विज्ञान इंग्रजीत शिकणाऱ्या हजारो मराठी मुलांनाही या पुस्तकाचा उपयोग व्हावा, कारण ती विचार घरच्या भाषेत करतात आणि उत्तरे मात्र दुसऱ्या भाषेत लिहितात. या दोहोंमधील अंतर कोणी तरी भरून काढलेच पाहिजे.

मुलांना विज्ञान कसे शिकवावे, याविषयी जगभर जे विचारप्रवाह झाले त्यांची थोडी ओळख करून घेणे शिक्षकांना उपयोगी पडेल. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळातील व्याख्याने सुरू झाली, आणि मायकेल फॅरडेने तेथे एका मेणबत्तीवर अख्खी व्याख्यानमाला गुंफून दाखविली. प्रत्यक्ष प्रयोग करून दाखविणाऱ्या कुशल वक्त्याची ही परंपरा होय. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँगला ते पुरेसे वाटले नाही. विद्यार्थ्याने स्वतःच संशोधकाच्या भूमिकेत शिरून नियम शोधावे, असा त्याचा आग्रह होता. आपल्याकडे १९३७ सालच्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमने सूतकताई, शेती असा एखादा उद्योग मध्यवर्ती धरून त्याच्या अनुषंगाने सर्व ज्ञान द्यावे, असे मांडले. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेत जी खळबळ उडाली तिच्यातून, प्रत्येक शास्त्राची जी अंगभूत रचना आहे ती मुलांना लवकरच दाखवावी, असा विचार जेरोम ब्रूनर यांनी पुढे आणला. आणि दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, १९६६ सालच्या अहवालात शालेय शिक्षणाची पहिली दहा वर्षे विज्ञान व गणित सर्वांना सक्तीचे असावे, अशी शिफारस केली. आज खेड्यातील प्रत्येक मुलाच्या वेळापत्रकात विज्ञानाचा तास आहे, त्याचे श्रेय या शिफारशीला द्यावे लागेल.

परंतु तास असणे आणि विज्ञान असणे यांत अंतर राहतेच. ते कमी करण्याचा मला सर्वांत धीराचा वाटणारा प्रयत्न मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात झाला. १९७२ साली सोळा ग्रामीण शाळांतून सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात पाठ्यपुस्तकाची जागा प्रयोग, क्षेत्रभेट आणि चर्चा यांनी घेतली. तीस वर्षे चालून २००२ साली तो सरकारी निर्णयाने बंद पडला. आपल्याकडे १९७४ साली सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात जे काम केले, त्यातही साधी भाषा आणि साधी साधने यांच्यावर भर होता. याच सुमारास पाश्चात्त्य देशांत, विशेषतः लीड्स विद्यापीठातील रोझलिंड ड्रायव्हर यांच्या अभ्यासातून, असे ध्यानात येऊ लागले, की मूल वर्गात येते ते कोरे नसते. बल, उष्णता, प्रकाश यांविषयी त्याच्या काही पक्क्या समजुती अगोदरच बनलेल्या असतात, त्यांना अनुभवाचा आधार असतो, आणि केवळ बरोबर उत्तर सांगितल्याने त्या हटत नाहीत. हार्वर्ड विद्यापीठातील पदवीधरांना ऋतू का बदलतात असे १९८७ च्या एका चित्रपटासाठी विचारले, तेव्हा बहुतेकांनी, पृथ्वी सूर्याच्या कधी जवळ तर कधी दूर जाते म्हणून, असेच उत्तर दिले. वस्तुतः पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, नेमकी आपल्याकडे थंडी पडलेली असते तेव्हा.

या सर्व पंथांविषयी माझे मत स्पष्टपणे नोंदवितो. सर्व काही मुलाने स्वतः शोधावे, हा आग्रह मला अव्यवहार्य वाटतो. अणूची कल्पना स्थिर होण्यास श्रेष्ठ बुद्धीच्या माणसांना शतके लागली, ती आठवीच्या वर्गात आपोआप उगवेल अशी अपेक्षा करणे मुलांवर अन्याय होय. शिक्षकाने सांगितलेच पाहिजे. परंतु त्याने केव्हा सांगावे, हा खरा मुद्दा आहे. आणि मुलाची स्वतःची समजूत त्याच्याच तोंडून बाहेर येऊन प्रत्यक्ष पुराव्याशी तिची टक्कर झाल्यानंतर सांगावे, हे ड्रायव्हर प्रभृतींचे म्हणणे मला पूर्णपणे पटलेले आहे.

उदाहरणार्थ, गार कोकम सरबताने भरलेल्या स्टीलच्या पेल्याबाहेर थेंब जमतात ते कोठून आले, असे विचारले तर सहावीच्या वर्गात ‘आतून झिरपले’ हे उत्तर हमखास येते. तेथेच संघननाची व्याख्या लिहून देण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. थेंब पांढऱ्या फडक्याने टिपून घ्यावे. सरबत लालभडक असून फडक्यावर लाल डाग पडत नाही, हे मुलांना पाहू द्यावे. पेला नाजूक काट्यावर ठेवून थोड्या थोड्या वेळाने तोलावा. झिरपून थेंब आले असते तर एकूण वजन वाढण्याचे कारण नव्हते, आणि ते तर वाढताना दिसते. मग ‘हवेतून आले’ हे उत्तर कोणी तरी मुलगी किंवा मुलगा दबक्या आवाजात देतोच, आणि त्या उत्तरासाठी वर्ग तयार झालेला असतो. दव, धुके आणि सह्याद्रीच्या माथ्यावर अडून रिते होणारे पावसाळी ढग यांच्यापर्यंत तेथून पुढे सरळ चालत जाता येते.

आजच्या काळात या संकल्पनांची गरज का, असा प्रश्न कोणी विचारील. महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली ज्वालामुखीच्या लाव्हाचा काळा पाषाण आहे. हा खडक मुळात पाणी धरणारा नव्हे. पाणी साठते ते मुरमाच्या झिजलेल्या थरात आणि भेगा-सांध्यांत. तरीही गावोगाव पाणाड्याला बोलावून, तळहातावर उभा राहिलेला नारळ किंवा हातातली फांदी जेथे वळेल तेथे बोअर घेतले जाते, आणि ते कोरडे गेले की शेजारी दुसरे. कर्ज काढून घेतलेल्या अशा एकेका बोअरमागे एका कुटुंबाची कित्येक वर्षांची मिळकत जमिनीत जाते. सच्छिद्रता ही सातवीच्या मुलाला दगड, विटेचा तुकडा आणि पाण्याची बादली यांच्या साहाय्याने समजू शकणारी संकल्पना आहे. मृगाच्या आधीच्या वळवात विदर्भ-मराठवाड्यात वीज पडून माणसे दगावतात, त्यांतील अनेकजण पावसापासून आडोसा म्हणून एकट्या उंच झाडाखाली उभे राहिलेले असतात. विद्युतभार उंच जागी का ओढला जातो, एवढे जरी त्यांना ठाऊक असते तरी त्यांनी ते झाड टाळले असते. २०२० च्या साथीत विषाणू अमुक पेयाने मरतो, तमुक धुराने पळतो असे संदेश सुशिक्षितांच्या हातांतील फोनवरून घरोघर फिरले, तेव्हा जीवाणू आणि विषाणू यांतील फरक, मात्रा, तुलनेसाठी ठेवलेला दुसरा गट या शालेय गोष्टी पदव्या घेतलेल्या माणसांनाही परक्या होत्या, हे आपण सर्वांनी पाहिले. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ साली संविधानात दाखल झाले. परंतु ते पाळण्याची तयारी अकराव्या-बाराव्या वर्षी झाली नाही तर पुढे हुकूम काढून ती होणार नाही.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडे सांगून विराम घेतो. प्रत्येक प्रकरण प्रश्नाने उघडते, व्याख्येने उघडत नाही. प्रश्नानंतर मुलांच्या नेहमीच्या समजुती, कोणतीही थट्टा न करता, त्यांच्याच शब्दांत दिल्या आहेत. मग करून पाहावयाचे प्रयोग, त्यानंतर ज्यांनी तो प्रश्न प्रथम सोडविला त्यांची थोडी हकीकत, आणि व्याख्या अगदी अखेरीस. पाठ्यपुस्तकात जी परिभाषा आहे तीच येथे वापरली आहे, म्हणजे परीक्षेच्या दृष्टीने विद्यार्थ्याचा गोंधळ होणार नाही. क्रम मात्र पाठ्यपुस्तकाचा नाही. मापन आणि कण ही प्रकरणे सर्वांत आधी घेतली आहेत आणि उष्णता व तापमान यांचा भेद त्यांच्या लगेच मागे, कारण या भेदावाचून पुढील अर्धे पुस्तक डळमळीत राहते.

काही उपक्रम एका तासात उरकणारे नाहीत. शाळेच्या पटांगणात एक सरळ काठी गवंड्याच्या ओळंब्याने अगदी उभी रोवून तिच्या सावलीची नोंद वर्षभर ठेवावयाची आहे. भर दुपारी बारा वाजता सूर्य रोज डोक्यावर येतो, असे मुले आणि पुष्कळदा मोठी माणसेही मानतात. महाराष्ट्रात कोठेही तो वर्षातून दोनदाच बरोबर डोक्यावर येतो. मे महिन्याच्या आरंभी सावंतवाडीकडून सुरुवात होऊन महिनाअखेरीस सातपुड्यापर्यंत हा दिवस उत्तरेकडे सरकत जातो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये परत दक्षिणेकडे येतो, तेव्हा ढगांमुळे तो बहुधा हुकतो. सावली सर्वांत आखूड होण्याची वेळही घड्याळातील बाराची नव्हे. मेच्या मध्यास मुंबईत ती साडेबारा वाजून गेल्यावर येते, आणि नागपुरात त्याच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधी. दोन दूरच्या गावांतील शाळांनी आपल्या नोंदी एकमेकींना पाठविल्या, तर प्रमाणवेळ, रेखांश आणि पृथ्वीचा गोलाकार ही तीन प्रकरणे एकाच पत्रव्यवहारातून शिकता येतील. मे महिन्यात शाळेला सुटी असते, तेव्हा हे काम घराच्या अंगणात किंवा गच्चीवर करावे.

प्रयोगांसाठी लागणारे साहित्य जाणूनबुजून किराणा दुकानात, हार्डवेअरच्या दुकानात आणि स्वयंपाकघरात मिळणारेच निवडले आहे; प्रयोगशाळा नाही, ही सबब त्यामुळे राहणार नाही. तथापि ज्या कृतींपुढे फुली केली आहे त्या ज्योत, चुन्याची निवळी किंवा तापलेली भांडी यांच्याशी संबंधित असल्यामुळे मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच कराव्यात. विद्युतविषयक सर्व प्रयोग टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलवर करावयाचे आहेत; भिंतीवरील सॉकेटातील २३० व्होल्टच्या विजेला कोणत्याही प्रयोगासाठी हात लावू नये. सावलीच्या उपक्रमात फक्त जमिनीवरील सावलीच पाहावी, सूर्याकडे थेट, दुर्बिणीतून किंवा काळ्या चष्म्यातूनही पाहू नये. आणि नोंदवहीत दिनांक, वेळ, सावलीची लांबी व आकाशाची स्थिती हे चार रकाने पहिल्याच दिवशी आखून घ्यावेत.